इयादतीला जाताना वही सोबत न्या

आपल्या मोहल्ल्यात कुणाला कॅन्सर निघाला की लोक धावून येतात. जुम्याच्या नमाजनंतर शिफाची दुआ होते, पैशांसाठी झोळी फिरते, बायका यासीनचं खत्म ठेवतात आणि महिना-दीड महिना त्या घरात इयादतीला येणाऱ्यांची रीघ लागते. हे सगळं चांगलंच आहे. आजाऱ्याला भेटायला जाणं हा आपल्याकडे नुसता रिवाज नाही, ती इबादत मानली जाते.

पण ही गर्दी असते कधी? आजार कळतो तेव्हा आणि ऑपरेशनच्या आसपास. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो, तोवर पाहुणे ओसरलेले असतात. केमोनं अन्नाचा वाससुद्धा सहन होत नाही, तोंडात फोड आलेले असतात, हात सुजलेला असतो, पोटाला पिशवी लागलेली असते, रात्र रात्र झोप नसते. त्या दिवसांत घरात फक्त रुग्ण असतो आणि त्याची बायको किंवा सून. डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी. मधले वीस दिवस कसे काढायचे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं या वीस दिवसांबद्दल आहे. कॅन्सरवर इलाज करायला डॉक्टर आहेत. पण इलाजामुळे होणाऱ्या त्रासासोबत जगायला वेगळी माणसं लागतात, आणि अशी माणसं, अशा संस्था आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या बऱ्याच फुकट काम करतात. तरी आपल्या लोकांपर्यंत त्या पोचत नाहीत, किंवा आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्या शोधणं हे रुग्णाचं काम नाही. ते त्याच्याभोवतीच्या लोकांचं काम आहे आणि दुआ व चंद्याइतकंच ते गरजेचं आहे.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. तालुक्याच्या गावात अशा बाईकडे शाळेबाहेरचं एक काम आपोआप येतं, ते म्हणजे कागद वाचून देणं. बँकेची नोटीस, तहसीलचा दाखला, दवाखान्याची फाईल. ‘‘बाजी, इसमें क्या लिखेला है, जरा देखो ना,’’ म्हणत आया येतात. फाईल वाचता वाचता त्या जे बोलतात ते फाईलमध्ये कुठेच नसतं. त्यातली तीन माणसं इथे सांगते. नावं सांगत नाही, ओळख पटेल असं काही सांगत नाही.

एका विद्यार्थिनीच्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. काही महिन्यांनी तिचा हात सुजू लागला. बांगडी चढेना, पीठ मळता येईना. तिनं मनाशी ठरवून टाकलं की आजार परत आला. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो कर्जात होता. दवाखान्यात सांगितलं तेव्हा घाईत उत्तर मिळालं, ‘ऑपरेशननंतर असं होतंच.’ तिनं त्याचा अर्थ ‘याला इलाज नाही’ असा घेतला. या सुजेला लिम्फीडीमा म्हणतात. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की अंगातला एक द्रव नीट वाहून जात नाही आणि हातात साठतो. दरवेळी याचा अर्थ आजार परतला असा नसतो. डॉक्टरांना दाखवून ती खात्री करून घ्यायची असते. मग फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतो, हलक्या हाताच्या मालिशची एक ठरावीक पद्धत दाखवतो, दाब देणारी बाही वापरायला सांगतो. सूज लवकर दाखवली तर ती आटोक्यात राहते. एवढी माहिती मिळायला त्या बाईला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ती रोज रात्री मरत होती.

दुसरा माणूस शिवणकाम करणारा. आतड्याच्या कॅन्सरमुळे त्याच्या पोटाला शौचाची पिशवी लागली. जान वाचली, पण त्यानं मशिदीत जाणं सोडलं. सफमध्ये शेजारच्याला वास येईल, पिशवी सुटेल, आपली नमाज होतच नसेल, असं त्याच्या मनात. हळूहळू त्यानं दुकानात बसणंही सोडलं. अशी पिशवी घेऊन वर्षानुवर्षं नोकरी करणारे, प्रवास करणारे लोक आहेत, हे त्याला माहीतच नव्हतं. असा एकही माणूस त्यानं पाहिलेला नव्हता.

तिसरा हमाल. गुटख्यानं तोंडाचा कॅन्सर. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा-सात आठवडे चालतं. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तोंडात फोड आले, पाण्याचा घोट जाईना, लाळ चिकट झाली, चव गेली. वर शहरात राहण्याचा खर्च. चौथ्या आठवड्यात तो गाडीत बसून गावी परतला. ‘इलाजानंच मरेन’ असं म्हणाला. मध्येच खंड पडला की रेडिएशनचा परिणाम घटतो, हे त्याला कुणी समजावलं नव्हतं. हे फोड उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकदा भरून येतात, हेही नाही. तोवर नाकातल्या नळीनं जेवण देता येतं, वेदनेवर औषध मिळतं, गुळण्या कशाच्या करायच्या आणि काय खायचं हे आहारतज्ज्ञ सांगतो. त्या माणसाला औषधाची कमतरता नव्हती. त्याला कमी पडली ती राहायला एक खोली आणि सांगायला एक माणूस.

या तिघांसाठीही मोहल्ल्यानं पैसे जमवले होते. पण ज्या गोष्टीवर त्यांचं गाडं अडलं, ती त्या पैशांनी सुटणारी नव्हती.

आता मदत शोधायची कशी? आपण आजाराच्या नावानं शोधतो, ‘कॅन्सरसाठी कुणी मदत करतं का?’ उत्तर मिळतं ते पैशांचं, नाहीतर एखाद्या जडीबुटीवाल्याचं. त्याऐवजी त्रासाच्या नावानं शोधावं. गिळता येत नाही, हात सुजलाय, पिशवी गळते, दुखणं सहन होत नाही, राहायला जागा नाही, मूल घाबरलंय, आवाज गेलाय. प्रत्येक त्रासाला मदत करणारा माणूस वेगळा आहे. त्रासाचं नाव नेमकं घेतलं की अर्धा पत्ता तिथेच सापडतो.

पहिलं दार रुग्णालयातच असतं. मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. पाटी कुठे तरी कोपऱ्यात असते, पण विभाग असतो. मुंबईत परळला 1941 साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग मोठा आहे. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच विचारा, ‘समाजसेवा विभाग कुठे आहे?’ महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतो, तेही विचारा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही खैरात नाही, नियम आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसालाही 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. आपल्या गावातून दर महिन्याला मुंबईला जाणारी किती घरं हा दाखला घेतात? मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी नावही ऐकलेलं नव्हतं.

दुसरं दार राहण्याचं. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी कमी खर्चात राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलाला कॅन्सर असेल तर ‘सेंट ज्यूड’ची केंद्रं आहेत. 2006 पासून ही संस्था उपचार चालू असलेल्या मुलांना आईवडिलांसह विनामूल्य ठेवून घेते. तिथे मुलाचं खाणं, स्वच्छता, शिकणं यांचीही काळजी घेतली जाते. अशी नावं ऐकून आपल्यातले काही जण बिचकतात. कुठे महाराज, कुठे संत, कुठे समिती. ‘आपल्याला घेतील का?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. आजच्या हवेत तो मनात येतो, याचा दोष मी त्यांना देत नाही. पण पाटी वाचून दार बंद आहे असं गृहीत धरू नये. रुग्णालयाचं पत्र घेऊन जावं आणि विचारावं. गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या त्या थकल्याभागल्यांसाठी. आजारी माणसाइतका थकलेला कोण असतो?

तिसरं दार त्याच वाटेनं गेलेल्या माणसांचं. मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. मुंबईची ‘व्ही केअर फाउंडेशन’ 1994 मध्ये वंदना गुप्ता यांनी सुरू केली. त्या स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या. तिथले अनेक स्वयंसेवक हे आजार भोगून बाहेर आलेले आहेत, म्हणून ते वॉर्डात जाऊन रुग्णाशी बोलतात ते पुस्तकातलं नसतं. ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ 1969 पासून आणि ‘इंडियन कॅन्सर सोसायटी’ 1951 पासून काम करतात. औषधांच्या मदतीपासून समुपदेशन आणि पुनर्वसनापर्यंत त्यांचं काम आहे. पोटाला पिशवी असलेल्यांसाठी ‘ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया’ आहे. पिशवी कशी निवडायची, कातडी सोलली तर काय करायचं, प्रवासात काय सोबत ठेवायचं, हे तिथे पिशवी वापरणारी माणसंच सांगतात. माझ्या ओळखीच्या त्या शिंप्याला डॉक्टरच्या दहा वाक्यांपेक्षा असा एक माणूस समोर बसायला हवा होता.

अशा मदतीची गरज शिकलेल्यांना नसते असं कुणी समजू नये. विकी क्लेमेंट-जोन्स ही ब्रिटनमधली डॉक्टर. तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला, आणि डॉक्टर असूनही रुग्ण म्हणून आपल्याला किती कमी माहिती मिळते हे तिच्या लक्षात आलं. तिनं 1985 मध्ये रुग्णांना साध्या भाषेत माहिती देणारी ‘बेकप’ ही संस्था उभी केली. त्या संस्थेच्या पुस्तिका पुढे मुंबईच्या ‘जासकॅप’नं परवानगीनं भारतीय भाषांत आणल्या. त्यात मराठीही आहे. केमोथेरपी म्हणजे काय, रेडिएशनमध्ये काय होतं, केस गेले तर, भूक गेली तर, अशा गोष्टी त्यात सोप्या करून सांगितल्यात. आपल्या मुली शाळेत मराठी शिकतात. दहावीतली मुलगी आपल्या अम्मीला अशी पुस्तिका दखनीत समजावून सांगू शकते. मराठी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या पालकांना मी हेही एक उत्तर देते.

चौथं दार वेदनेचं. तिथे आपली सगळ्यांत मोठी गैरसमजूत आडवी येते. पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की लोकांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. तसं नाही. दुखणं, उलटी, धाप, जखमेचा वास, झोप न लागणं, भीती, या सगळ्यांवर इलाज करणारी ही वैद्यकाची शाखा आहे. ती पहिल्या दिवसापासून मूळ उपचारांसोबत चालू शकते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून आहे. तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत आणि घरच्या माणसालाही काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर वांद्र्याचं ‘शांती आवेदना सदन’ आहे. 1986 मध्ये सुरू झालेली ही आपल्या देशातली पहिली हॉस्पाइस मानली जाते. मॉर्फिनच्या गोळीला घाबरणारे खूप आहेत. ‘नशा आहे, हराम आहे, सवय लागेल.’ कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरनं ठरवलेल्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन हे औषध आहे. त्याची गोळी महाग नसते, पण ती कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळते. 2014 मध्ये कायदा बदलून ती मिळणं सोपं करण्यात आलं. म्हणून ‘मॉर्फिन कुठे मिळतं’ हीसुद्धा मोहल्ल्यातल्या कुणाला तरी ठाऊक असावी अशी माहिती आहे.

आता आपल्या घरातलं बोलते. त्रास लपवायला आपल्याकडे दोन मोठे शब्द वापरले जातात, सब्र आणि हया. दोन्ही शब्द मला प्यारे आहेत, म्हणूनच त्यांचा असा वापर खटकतो. सब्र म्हणजे कळ दाबून गप्प बसणं नव्हे. हजरत अय्यूबही आपलं दुखणं अल्लाहपुढे बोलून दाखवतातच. अल्लाहजवळ बोलता येतं ते डॉक्टरजवळ बोलायला काय हरकत? आणि इलाज करून घ्यायला नबी-ए-करीम यांनी सांगितलेलं आहे, हे आपले आलिम मिंबरवरून सांगतातच. मग इलाजामुळे जो त्रास होतो त्याचा इलाज करणं त्यात येत नाही का? हयेचं तर विचारूच नका. छाती, गर्भाशय, शौच, लघवी, नवराबायकोचा संबंध, यातल्या एकाही गोष्टीवर आपली बाई पुरुष डॉक्टरसमोर, नवरा शेजारी उभा असताना बोलत नाही. अशा वेळी बाई स्वयंसेवक, बाई समाजसेवक, बाई फिजिओथेरपिस्ट आहे का, हे आधी विचारून ठेवणं हे नातेवाइकांचं काम आहे. हया पाळायची असेल तर ती अशी पाळा. बाईला गप्प ठेवून नव्हे.

दीनचे प्रश्नही रुग्णाला आतून खातात, आणि ते कुणी विचारात घेत नाही. पिशवी असताना वुजू टिकतो का? फिक्हमध्ये अशा माणसाला ‘माजूर’ म्हणतात. त्याच्यासाठी सवलतीचे नियम शेकडो वर्षांपासून लिहून ठेवलेले आहेत. हनफी मसलकात असा माणूस प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वुजू करून नमाज पढतो. कोकणातल्या शाफई भावंडांनी आपल्या आलिमला विचारावं, तपशिलात फरक असू शकतो. पाणी जखमेला चालत नसेल तर तयम्मुम आहे, उभं राहता येत नसेल तर बसून नमाज आहे. केमो चालू असताना रोजे धरायचा हट्ट करणारी बुजुर्ग माणसं दर रमजानला दिसतात. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोज्यातून सूट दिलेली आहे. बरं होण्याची उमेद असेल तर नंतर कजा, नसेल तर फिदिया. इमामसाहेबांनी वर्षातून एका जुम्याला हा विषय घेतला तर कितीतरी घरांतली घुसमट कमी होईल. त्या शिंप्याला मशिदीत परत आणायला कुठल्याच संस्थेची गरज नव्हती. इमामसाहेबांनी घरी जाऊन ‘तुम्ही या, तुमची जागा रिकामी आहे’ एवढं म्हटलं असतं तरी तो आला असता.

कुणी म्हणेल, हे सगळं मुंबई-पुण्यात. आमच्या गावात काय? म्हणून केरळचं सांगते. कोळिकोडमध्ये 1993 साली काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं एक लहान केंद्र सुरू केलं. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर घरोघर पुरणार नाहीत. मग त्यांनी शेजाऱ्यांनाच शिकवलं. आठवड्यातून काही तास देणारे विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार, गृहिणी असे लोक. कुणी अंथरुणावरच्या माणसाच्या जखमा धुवायला शिकलं, कुणी औषधांची नोंद ठेवायला, कुणी त्या घरातल्या मुलांच्या शाळेची फी बघायला. पैसा आला गावातल्याच लहान लहान देणग्यांतून. हे काम ज्या जिल्ह्यात सगळ्यांत जोमानं फोफावलं तो मलप्पुरम. तिथे सुमारे 70 टक्के लोक मुसलमान आहेत. 2008 मध्ये केरळ सरकारनं याविषयी धोरणच आखलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. मलप्पुरमचे लोक आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचे नाहीत. जकात तेही देतात, सदका तेही देतात. त्यांनी इयादतीला कामाचं रूप दिलं, एवढाच फरक.

आपल्याला उद्यापासून केंद्र उभारायची गरज नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक वही हवी आणि ती सांभाळणारी दोन माणसं हवीत, एक बाई आणि एक पुरुष. शिक्षक असतील तर उत्तम, कारण अर्ज भरणं आणि साहेबाशी बोलणं हे आमच्या हाताखालचं आहे. आशाताईला सोबत घ्या, तिला सरकारी दवाखान्याची वाट माहीत असते. वहीत काय असावं? जवळच्या कॅन्सर रुग्णालयातल्या समाजसेवकाची वेळ आणि खोली. मुंबई-पुण्यात राहण्याच्या जागा आणि त्यांना लागणारे कागद. रेल्वे-एसटीच्या दाखल्याची पद्धत. पिशव्या, ड्रेसिंग, दाबाची बाही कुठे स्वस्त मिळते. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ कोण. मॉर्फिन कुठे. आणि आपल्याच तालुक्यातली, या आजारातून गेलेली, बोलायला राजी असलेली चार माणसं, त्यांच्या परवानगीनं. प्रत्येक घर मुंबईला जाऊन आलं की वहीत एक ओळ वाढते. पहिल्या घराला जे शोधायला सहा महिने लागले ते दहाव्या घराला एका संध्याकाळीत मिळतं.

या वहीत कुठलीही संस्था डोळे मिटून लिहू नये. आजारी माणसाच्या दारात ठगही येतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, पावती देतात का, रुग्णालयाचे लोक त्यांना ओळखतात का, हे बघावं. जी संस्था मदत द्यायच्या आधी रुग्णाकडूनच पैसे मागते, जी हमखास बरं करायचं वचन देते, जी ‘डॉक्टरचा इलाज बंद करा’ म्हणते, तिचं नाव वहीत नको. मग तिच्या पाटीवर कितीही पाक शब्द लिहिलेले असोत. दम करा, दुआ करा, जमजम प्या. पण रेडिएशनची तारीख चुकवू नका.

बैतुलमालच्या जिम्मेदारांना वेगळी विनंती आहे. आपण जकात रमजानमध्ये एकदम वाटतो. कॅन्सरच्या घराला ठोक रक्कम मिळते, ती एका तपासणीत संपते. त्याऐवजी जकातीस पात्र असलेल्या घराला महिन्याच्या महिन्याला लागणारी एकच वस्तू बांधून द्या. कुणाच्या पिशव्या, कुणाचं मुंबईचं भाडं, कुणाच्या नळीतून द्यायचा आहार. ही रक्कम मोठी नसते, पण ती येणार हे त्या घराला पक्कं माहीत असतं. आजारपणात अशी एखादी गोष्ट पक्की असली की माणसाला रात्री झोप लागते. आणि घेणारा गैरमुस्लिम शेजारी असेल तर सदका आहेच. त्या वहीतली माहिती तर कुणालाही द्यावी, ती वाटल्यानं कमी होत नाही. ज्या धर्मशाळांनी आपला मजहब विचारला नाही, त्यांचं तेवढं देणं आपण लागतो.

शेवटी इयादतीबद्दल. यापुढे कॅन्सरच्या रुग्णाकडे जाल तेव्हा ‘कितव्या स्टेजला आहे’ हे विचारू नका. त्याचं उत्तर ऐकून तुम्ही काहीच करू शकत नाही. ‘अमक्याला हाच होता, बिचारा गेला’ हेही सांगू नका. दहा मिनिटं बसा आणि विचारा, गिळता येतं का, झोप लागते का, कुठे दुखतं, पुढची तारीख कधी, सोबत कोण जाणार, बायकोनं आज जेवण केलं का. जी उत्तरं येतील ती लिहून घ्या. मग घरी न जाता वही सांभाळणाऱ्याकडे जा. त्याला एक फोन करायला लावा, किंवा स्वतः करा. फळांची पिशवी नेली नाही तरी चालेल. ज्याच्या तोंडात फोड आहेत तो संत्री खाऊ शकत नाही.